तेलाचा पिपा किलोचा की लिटरचा? सेल, कूपन आणि घरच्या किराण्याचं गणित

दसऱ्याच्या आधी आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याहून सोयाबीन तेलाचा पिपा आणला. दुकानात सेल होता आणि पिपा २,१३० रुपयांना पडला. त्यांच्या जाऊबाईंनी त्याच आठवड्यात गावातल्याच दुकानातून २,२५० रुपयांना घेतला होता. काकू म्हणाल्या, "पाय वो बाई, गावात घेतलं का असं लुटल्या जाते." जाऊबाईंचा चेहरा पडला. गटाचा हिशेब मी लिहिते, म्हणून भांडण माझ्याकडे आलं.

दोन्ही पिपे शेजारी ठेवले. दिसायला जवळजवळ सारखेच. पण बारीक अक्षरं वाचली तर जाऊबाईंच्या पिप्यावर १५ किलो होतं आणि काकूंच्या पिप्यावर १५ लिटर. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे काकूंच्या पिप्यात १३ किलो ६५० ग्रॅमच तेल. भागाकार केला तेव्हा गावातलं तेल १५० रुपये किलो पडलं आणि सेलमधलं १५६ रुपये. १२० रुपये वाचवायला गेलेल्या काकू किलोमागे सहा रुपये जास्त देऊन आल्या होत्या, गाडीभाडं वेगळं.

यात काकूंची काहीच चूक नाही. दुकानदारानं खोटंही काही सांगितलं नव्हतं. पिप्यावर सगळं छापलेलं होतं. फक्त ते कसं वाचायचं हे आपल्याला कोणी कधी शिकवलं नाही. सोयाबीन विकून हातात चार पैसे येतात, कापसाचे चुकारे सुरू होतात, नेमके तेव्हाच सेलचे बोर्ड लागतात. त्या आधी हे नीट समजून घ्यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

छापील किंमत सरकार ठरवत नाही

पुड्यावर 'एमआरपी' छापलेली असते, म्हणजे कमाल किरकोळ किंमत. सगळे कर धरून, याच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येणार नाही अशी ती वरची हद्द. २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे बंद पुड्यांचे नियम यांच्यामुळे ती छापावीच लागते.

गावात बहुतेकांना वाटतं की हा आकडा सरकारनं ठरवून दिलेला आहे. तसं नाही. काही औषधांसारख्या थोड्या वस्तू सोडल्या तर तो कंपनीच ठरवते. सरकार फक्त एवढंच म्हणतं की जो ठरवाल तो छापा आणि त्याच्यावर जाऊ नका. वावराला धुरा, म्हणजे बांध, असतो तशी ही किंमत. धुऱ्यापलीकडे जायचं नाही, पण धुऱ्याच्या आत कुठपर्यंत पेरायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता सेलची मेख बघा. समजा एका मिक्सरवर ६,००० रुपये छापले आहेत, पण वर्षभर तो सगळीकडे ३,२०० ला मिळतो. दिवाळीत बोर्ड लागतो, "५० टक्के सूट, फक्त ३,०००". बोर्ड खरा आहे. पण तुमचे वाचले २०० रुपये, ३,००० नाही. सूट छापील आकड्यापासून मोजली जाते, आपली बचत मात्र कालच्या विक्रीच्या भावापासून मोजायची असते. म्हणून मोठी वस्तू घ्यायची असेल तर महिनाभर आधी दोन दुकानांत भाव विचारून कागदावर लिहून ठेवा. त्या कागदापुढे कोणताही बोर्ड खोटं बोलू शकत नाही.

चिकटपट्टीबद्दलही सांगते. छापील किमतीवर जास्त किमतीचं स्टिकर लावायला परवानगी नाही. किंमत कमी केल्याचं स्टिकर चालतं, पण त्यानं जुनी छापील किंमत झाकायची नाही. दोन्ही आकडे दिसले पाहिजेत.

किलोचा भाव काढायला शिका

माझ्या मते सगळ्या बचतीची किल्ली इथे आहे, म्हणून थोडं सावकाश जाऊ.

पूर्वी तेल, चहा, बिस्किटं अशा बऱ्याच वस्तूंची पुडकी ठरलेल्या वजनातच विकावी लागायची. २०२२ मध्ये ते बंधन गेलं. आता कंपनी ८७० ग्रॅमची पिशवी काढू शकते, ८५० ची काढू शकते, ८०० ची पण. पिशवीचा आकार तोच, चित्र तेच, शेल्फवर उभी तशीच. आपण सवयीनं "एक पुडा तेल द्या" म्हणतो आणि वजन बघत नाही. पाच-दहा रुपयांच्या बिस्किटांचंही तसंच. किंमत वर्षानुवर्षं पाच रुपये राहते, महागाई वाढली की पुड्यातलं वजन उतरतं.

या बदलासोबतच एक चांगला नियम आला. पुड्यावर एका एककाची किंमत छापायची. किलोच्या आतलं पुडकं असेल तर ग्रॅमला किती, किलोच्या वरचं असेल तर किलोला किती. द्रव पदार्थ असेल तर मिलिलिटरला किंवा लिटरला. हा आकडा एमआरपीच्या आसपास अगदी बारीक अक्षरात असतो. '०.४८ रु. प्रति ग्रॅम' असं दिसलं तर हजारानं गुणा, ४८० रुपये किलो. शेजारच्या कंपनीच्या पुड्यावर ०.४३ असेल तर तो किलोला ५० रुपयांनी स्वस्त, मग त्यावर सेलचं फडकं असो की नसो.

एक अडचण मात्र आहे. छापलेला एककाचा भाव एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानदारानं दिलेल्या सवलतीवरून नाही. त्यामुळे सूट असेल तेव्हा मोबाईलवर स्वतः भागाकार करावा लागतो. द्यायचे रुपये भागिले ग्रॅम, गुणिले हजार. आमच्या गटात सातवीतली पोरं हे काम आवडीनं करतात. बाजारात पोराला सोबत न्यायचं असेल तर त्याला हे काम द्या.

आणि मोठं पुडकं नेहमी स्वस्त असतं, हा समज सोडून द्या. डिटर्जंट किंवा चहापत्तीत तो बऱ्याचदा खरा ठरतो. शाम्पूत बहुतेक वेळा उलटं असतं. एक-दोन रुपयांच्या पुड्यांची लडी घेतली तर मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा कमी पैसे पडतात. कारण सोपं आहे. पुडी घेणारा रोज भाव बघतो, तो लगेच दुसऱ्या कंपनीकडे जाईल. बाटली घेणारा सहसा बघत नाही.

टक्क्यांची भाषा

"५० टक्के + २० टक्के" म्हणजे ७० टक्के नाही. हजाराची साडी आधी ५०० ची झाली. मग त्या ५०० वर २० टक्के, म्हणजे १०० कमी. ४०० ला पडली. सूट झाली ६० टक्के.

"दोनवर एक फुकट" म्हणजे एकतृतीयांश सूट, तीही तिन्ही वस्तू लागणार असतील तरच. "६० टक्क्यांपर्यंत" या शब्दातलं 'पर्यंत' वाचायचं. दुकानातल्या एका कोपऱ्यात ६० टक्के असतं, बाकी सगळीकडे दहा.

कराच्या बाबतीत तर चांगले शिकलेले लोकही गोंधळले. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, शाम्पू, बिस्किटं यांवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला. लोक दुकानदाराशी भांडायला लागले, "१३ टक्के कमी कर." पण कर मूळ किमतीवर लागतो, छापील किमतीवर नाही. मूळ किंमत १०० असेल तर आधी छापील ११८ होती, आता १०५ व्हायला हवी. ११८ मधून १३ गेले, म्हणजे घट सुमारे ११ टक्के. दुकानदार ११ टक्के कमी करत असेल तर तो बरोबर आहे. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत कित्येक कंपन्यांनी किंमत तीच ठेवून आतलं वजन वाढवलं. तिथे फायदा झाला की नाही हे पुन्हा ग्रॅमच्या भावावरूनच कळतं.

कंपनी कूपन का देते? तिला तोटा होत नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर आपल्या आठवडी बाजारात आहे.

सकाळी मेथीची जुडी वीस रुपये असते. ज्याला ताजी हवी, ज्याला घाई आहे, तो वीस देतो. दिवे लागणीला भाजीवाली मावशी म्हणते, "घ्या बाई, वीसच्या दोन." तिचा तोटा झाला का? नाही. जो वीस देऊ शकत होता त्याच्याकडून वीस घेतले आणि जो दहाच देणार होता त्याच्याकडून दहा. दोघांनाही विकलं. फरक इतकाच की दुसऱ्यानं थांबायचं कष्ट घेतलं.

कूपन म्हणजे हीच दिवे लागणी, फक्त कागदावर किंवा मोबाईलवर. कापून ठेवा, कोड टाका, तारीख सांभाळा. जो एवढं करतो त्याला पैशाची काळजी आहे, त्याला कमी भावात देऊ. जो करत नाही त्याच्याकडून पूर्ण घेऊ. वापरणाऱ्याचा यात खरोखर फायदा होतो. अट एकच, ती वस्तू आपण कूपन नसतानाही घेतलीच असती का?

कूपनची दुसरी बाजू इथेच सुरू होते. "१,९९९ च्या खरेदीवर २०० रुपये सूट." तुमची यादी १,५०० ची. मग आणखी ५०० चं सामान टोपलीत पडतं. बिल १,८००. घरी येऊन सांगतो की २०० वाचले. पाकिटातून मात्र ३०० जास्त गेले. त्या ५०० मध्ये पुढच्या महिन्याचं तेल, साबण असेल तर सौदा चांगला. नूडल्स आणि खेळणं असेल तर नाही. दुकानात साखर आणि तेल जवळजवळ खरेदीच्या भावात देतात तेही याचसाठी, की तेवढ्यासाठी आलेला माणूस बाकीचं सामानही तिथेच भरेल. शहाणी बाई साखर-तेल घेते आणि निघते. त्यात काही गैर नाही.

मोबाईलवरच्या खरेदीत "फक्त दोन शिल्लक", "दहा मिनिटांत ऑफर संपेल" असं येतं. खोटी घाई लावणं, न मागता टोपलीत वस्तू टाकणं, शेवटच्या पानावर नवे चार्ज दाखवणं, अशा १३ प्रकारच्या फसव्या युक्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला बंदी घातली. तरी सावध आपणच राहायचं. टोपलीत टाकून एक रात्र जाऊ द्या.

आणि एक कळकळीची विनंती. पोस्टानं स्क्रॅच कार्ड येतं, "तुम्हाला गाडी लागली, आधी कराचे पैसे भरा." ते कूपन नाही, फसवणूक आहे. बक्षीस घेण्यासाठी आधी पैसे भरायचे नसतात आणि पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन टाकायचा नसतो. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे अडवणं कठीण.

उधारी: उलटं फिरणारं कूपन

आता जे सांगते ते सेलपेक्षा मोठं आहे.

जुलै ते ऑक्टोबर आपल्याकडे हात तंग असतात. बियाणं, खत, फवारणी, निंदण, सगळं बाहेर जातं आणि येत काहीच नाही. किराणा खात्यावर चालतो, दिवाळीला चुकता होतो. बऱ्याच ठिकाणी उधारीचा भाव नगदीपेक्षा थोडा वर असतो. समजा शेकडा पाच. पाचच तर आहेत, असं वाटतं.

जुलैच्या एक तारखेचं सामान चार महिने उधार राहतं, ऑगस्टचं तीन, सप्टेंबरचं दोन, ऑक्टोबरचं एक. सरासरी अडीच महिने. अडीच महिन्यांना पाच टक्के, म्हणजे शेकडा दोन रुपये महिना. वर्षाला २४ टक्के. सावकाराकडून या भावानं पैसे घ्यायला आपण दहादा विचार करू, किराण्यात मात्र ते दिसतच नाही. आमच्या गटात कर्ज शेकडा एक रुपयानं मिळतं. म्हणून आम्ही दोन वर्षांपासून एक करतो. जूनअखेर ज्यांना गरज आहे त्यांनी गटातून थोडं कर्ज काढायचं आणि किराणा नगदी घ्यायचा. नगदी घेणाऱ्याला भाव करता येतो, दुकान बदलता येतं. खातं असलं की दोन्ही बंद.

दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याचाही पैसा अडकतो, आणि रात्री-अपरात्री दवाखान्याला जायची वेळ आली तर खिशातून काढून देणारा तोच असतो. त्याच्याशी सरळ बोला, "भाऊ, नगदी दिलं तर काय भाव लावता?" बहुतेक वेळा तो खूश होतो.

"बिनव्याजी हप्ते" हा याच घराण्यातला प्रकार. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. व्याज कुठेतरी भरलेलं असतंच. एक तर नगदी घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, किंवा फाईल चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन्ही भाव विचारा, नगदी किती आणि सगळे हप्ते मिळून किती. मधला फरक हेच व्याज.

आपला खरा सेल बोर्डाशिवाय येतो

शहरातल्या माणसाला सेलची वाट बघावी लागते. आपल्या दारात तो दरवर्षी येतो, कारण ज्या महिन्यात माल निघतो त्या महिन्यात बहुतेक वर्षी तो सगळ्यात स्वस्त असतो.

दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचा नवा तांदूळ येतो. नवा तांदूळ चिकट शिजतो म्हणून लोक टाळतात आणि म्हणूनच तो स्वस्त असतो. कट्टा घेऊन ठेवा, सहा महिन्यांत तोच जुना होतो. थंडीत गूळ. जानेवारी-फेब्रुवारीत तूर. फेब्रुवारीपासून मिरची आणि हळद, त्यात भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद तर आपल्याच भागातली. मार्च-एप्रिलमध्ये हरभरा आणि गहू. उन्हाळ्यात पापड, कुरड्या, सरगुंडे करून ठेवतात ती वाळवणंही याच हिशेबातली, आपल्या आज्यांना हे गणित पाठ होतं.

घरची तूर असेल तर ती सगळी विकून नंतर दुकानातून डाळ आणू नका. वर्षाची डाळ भरडून घ्या, उरलेली विका. विकताना आडत-हमाली जाते आणि घेताना तीन जणांचा नफा भरावा लागतो. हे दोन्ही वाचतं. माझ्या पाहण्यात याएवढी मोठी सूट कुठल्याच दुकानानं दिलेली नाही.

"वर्षाचं धान्य घ्यायला एकदम पैसे कुठून आणायचे, अन् कीड लागली त मंग?" हा प्रश्न रास्त आहे. वर्षाचं जमत नसेल तर चार महिन्यांचं घ्या. चार घरं मिळून एक क्विंटल गहू घ्या, किलोमागे भाव उतरतो. डाळीला उन्हं देऊन, तेलाचा हात फिरवून, कोरड्या डब्यात भरा. आणि पावसाळा दमट जाईल तिथे बेसन, रवा, मैदा कधीच भरून ठेवू नका. सेल असला तरी.

धान्याबाहेरही हा नियम चालतो. ब्लँकेट, स्वेटर जानेवारीअखेरीस घ्या. कूलर तर एप्रिलमध्ये घेऊच नका. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जायला लागला की दुकानदार भाव करत नाही, करायची गरजच नसते. तोच कूलर डिसेंबरात नरमाईनं मिळतो. फक्त वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, पहिल्यांदा लावला तेव्हापासून नाही. म्हणून थंडीत आणला तरी त्याच दिवशी पाणी भरून दोन तास चालवून बघा.

तालुक्याला जायचं की गावातच घ्यायचं?

जाण्यायेण्याचं भाडं, चहापाणी आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज करा. मोठ्या दुकानात त्यापेक्षा जास्त वाचत असेल तरच जा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खरेदीला घरातल्या बाईनं जाणं हा सरळ हिशेब झाला. दवाखाना, बँक, तहसीलचं काम असेल त्याच दिवशी किराणा जोडला तर भाडं फुकटच पडतं. एकट्या साबणाच्या ऑफरसाठी वीस किलोमीटर जाणं मात्र परवडत नाही.

बिल मागायला लाज वाटते

वाटते, मला माहीत आहे. ओळखीचा दुकानदार, त्याच्याकडे पक्कं बिल कसं मागायचं? पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी खराब मालाला लागू होत नाही. वस्तू सदोष निघाली आणि बिलावर वेगळी मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवसांत ती परत घ्यावी लागते. सेलमधल्या वस्तूलाही हेच लागू. मात्र रंग आवडला नाही, माप बसलं नाही, यासाठी परत घ्यायचं की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर, ते घेण्याआधीच विचारा.

सेलमध्ये मुदत संपत आलेला मालही बाहेर काढतात. तो वाईट नसतो. महिनाभरात संपणार असेल तर खुशाल घ्या. पण तारीख बघूनच पैसे द्या.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, वजन कमी भरलं, खराब माल परत घेतला नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. फोन करण्याआधी बिलाचा आणि वेष्टनाचा फोटो काढून ठेवा. कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, वजन, तारीख सगळं वेष्टनावरच असतं, आणि आपण नेमकं तेच चुलीत टाकतो.